चौघांत एक विमान, नंबर अमेरिकेचा

प्रश्न: आम्ही चार मित्र इंग्लंडात लेस्टरजवळ राहतो. मिळून एक सेकंडहँड पायपर मालिबू घ्यायचं चाललंय, सहा सीटचं. नंबर एन ने सुरू होतो म्हणजे रजिस्ट्रेशन अमेरिकन. आमच्यापैकी कुणालाच उडवता येत नाही. विकणारा म्हणतो विमान ट्रस्टमधे आहे, तुम्ही फक्त वाटे घ्या, पायलट मी देतो, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत ओळखीच्या लोकांना पैसे घेऊन नेलंत की खर्च निघतो. हे कायद्यात बसतं का?

उत्तर: चौघांत विमान घेणं बसतं, ट्रस्टही बसतो. पण शेवटच्या दोन गोष्टींना स्पष्ट नाही म्हणा.

आधी ट्रस्टचं सांगतो कारण लोक त्यालाच घाबरतात आणि खरं तर तिथे घाबरण्यासारखं काही नाहीये. अमेरिकेत तिथल्या नागरिकाच्या, ग्रीन कार्डवाल्याच्या किंवा ठराविक कंपन्यांच्या नावावरच विमान रजिस्टर होतं, म्हणून बाहेरचे लोक विमान अमेरिकन ट्रस्टीच्या, म्हणजे ते दुसऱ्यासाठी सांभाळणाऱ्याच्या नावावर ठेवतात आणि आपण लाभार्थी होतात, म्हणजे वापर आपला. युरोपात अशी विमानं भरपूर आहेत. त्या ट्रस्टीला हुकूम द्यायचा किंवा काढून टाकायचा अधिकार परदेशी लोकांकडे 25 टक्क्यांच्या वर नसावा असा एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याचा नियम आहे, तेवढं ट्रस्टच्या कागदात बघून घ्या. रजिस्ट्रेशन 7 वर्षांचं असतं, संपायची तारीख बघा. आणि वाटा घ्यायच्या आधी एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या रजिस्ट्रीतून विमानाचं सगळं रेकॉर्ड मागवा, कर्ज नोंदवलेलं असेल तर त्यात दिसेल, विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका.

ब्रिटनच्या नियमात वाटेकरी 20 पर्यंत चालतात आणि प्रत्येकाचा वाटा निदान 5 टक्के लागतो, तुम्ही चौघं म्हणजे तिथे अडचण नाही. अडचण येते ती बाहेरच्या माणसाकडून पहिला पाउंड घेतलात की. मग तुमची फ्लाइट खाजगी राहत नाही, भाड्याची होते, त्याला ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे पैसे घेऊन लोकांना नेण्याचा परवाना लागतो, आणि परदेशी नंबरचं विमान असल्यामुळे ब्रिटनमधे पैसे देणारा पॅसेंजर चढवायला-उतरवायला सरकारी परवानगी वेगळी लागते. त्यातलं काहीच नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

हे इतकं जीव तोडून का सांगतोय तर तुम्ही ज्या जातीचं विमान घेताय त्याच जातीच्या विमानात 21 जानेवारी 2019 ला फुटबॉलपटू एमिलियानो साला गेला. फ्रान्समधल्या नाँतहून कार्डिफला येत होता, रात्रीची वेळ, एकच इंजिन, नंबर एन चा आणि विमान ट्रस्टमधे. गर्न्सी बेटाच्या उत्तरेला समुद्रात पडलं. पायलटकडे कमर्शियल, म्हणजे पैसे घेऊन उडवायचं लायसन्स नव्हतं आणि रात्री उडवायचं रेटिंगही (लायसन्सवरची जादा परवानगी) नव्हतं. चौकशीत निघालं की इंजिनच्या एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येत होता, सालाच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन त्याने व्यापलं होतं, पायलटलाही बहुतेक तोच चढला असणार, आणि आवाज करून सावध करणारा डिटेक्टर विमानात नव्हता. फ्लाइट जमवून देणाऱ्याला 2021 मधे 18 महिन्यांची शिक्षा झाली पण त्याने गेलेली दोन माणसं परत येत नाहीत. डिटेक्टर अगदी स्वस्त येतो, विमान ताब्यात घ्याल त्याच दिवशी बसवा.

आता पायलट. तो तुम्ही चौघांनी निवडायचा, करार तुमच्याशी आणि पगार तुमच्या खिशातून. विमान आणि पायलट एकाच माणसाकडून पैसे देऊन आलं की कागदावर वाटा काहीही लिहा, बघणारा अधिकारी त्याला चार्टरच, म्हणजे भाड्याचं विमानच म्हणेल. पायलटकडे अमेरिकन कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवायची परवानगी) दोन्ही मागा. नुसत्या ब्रिटिश लायसन्सवर एन नंबरचं विमान ब्रिटनमधे चालतं पण इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला नेलं की तिथे ते चालत नाही, ब्रेक्झिटनंतर कितीजण यात अडकलेत. आणि ब्रिटनमधे राहणाऱ्या पायलटला ब्रिटिश लायसन्स काय लागेल ते सीएएकडून, म्हणजे ब्रिटनच्या विमान खात्याकडून लेखी घ्या. त्याचा पत्ता अमेरिकेबाहेरचा असेल तर जुलै 2025 पासून त्याला अमेरिकेत आपल्या वतीने एफएएची कागदपत्रं घेणारा एक एजंट नेमून ठेवावा लागतो, तेही विचारा.

अजून एक, वकील सुचवतीलच म्हणून सांगतो. चौघांची वेगळी कंपनी काढायची, विमान आणि पायलट तिच्याकडे, आणि कंपनी तुम्हाला तासाला बिल लावणार, हे दिसायला नीटनेटकं दिसतं. पण जिला विमान चालवण्यापलीकडे दुसरा धंदाच नाही अशा कंपनीला एफएए भाडोत्री ऑपरेटर समजतं, आणि एन नंबर असल्यामुळे लेस्टरमधे बसूनही तो नियम तुम्हाला लागतो. त्यापेक्षा चौघांनी आपापल्या नावाने खर्च वाटून घ्या.

प्रश्न: एक ओळखीचा पायलट म्हणतो मला पगार नको, मी पण खर्चात वाटा देतो, मग प्रायव्हेट लायसन्सवर चालेल. खरंय का?

उत्तर: त्याला स्वतःला तिथे जायचं असेल आणि तो आपल्या वाट्याचे पैसे खरोखर भरत असेल तरच. तुमच्या मीटिंगच्या वेळेला तुम्हाला सोडून तुमची वाट बघत बसणारा माणूस खर्च वाटून घेत नाहीये, तो नोकरी करतोय, आणि त्याला कमर्शियल लायसन्स लागतं.

प्रश्न: वाटेकऱ्यांच्या करारात काय लिहून ठेवावं?

उत्तर: कुणाला बाहेर पडायचं झालं तर वाट्याची किंमत कशी ठरवायची, इंजिन ओव्हरहॉलसाठी (पूर्ण खोलून दुरुस्तीसाठी) उडण्याच्या दर तासामागे किती बाजूला टाकायचं, दोघांना एकाच दिवशी विमान हवं असेल तर कुणाचा नंबर आधी, हे तर हवंच. व्हॅट भरल्याचा पुरावा फाइलला लावा, ब्रिटनचा आणि युरोपियन युनियनचा आता वेगवेगळा बघतात. आणि एक कलम मोठ्या अक्षरात घाला की हवा खराब आहे असं पायलटने म्हटलं तर चौघांपैकी कुणीही त्याला फोन करून पुन्हा विचारायचं नाही, आणि त्या दिवसाचा पगार कापायचा नाही.