सारांश झाला, आता निबंध कसा करायचा? (‘माझा प्रवास’च्या निमित्ताने)

तुझी अडचण मला कळली ती अशी: एम.ए.च्या अंतर्गत मूल्यांकनासाठी विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’वर, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या १८५७ च्या बंडाच्या आठवणींवर, दीड-दोन हजार शब्दांचा समीक्षात्मक निबंध द्यायचा आहे. हातात दहा दिवस आहेत. चार पानं लिहून झाली आणि सरांनी वर शेरा मारला, ‘हा सारांश आहे.’ आणि तू विचारतेस, काकू, गोष्ट काढून टाकली तर माझ्याकडे उरतं काय?

पुष्कळ उरतं. पण आधी तू इथे वाचायला टाकलेल्या पहिल्या पानाबद्दल बोलू. त्यात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईचं बालपण आहे, गंगाधररावांचा मृत्यू आहे, दत्तकविधान आहे, १८५४ मध्ये झाशी खालसा झाली ते आहे, डलहौसी आहे. यातलं बरंचसं गोडशांच्या पुस्तकातून आलेलं नाही, शाळेच्या इतिहासातून आलंय. सरांना खटकलं असेल ते इथेच. ग्वाल्हेरात राहिलं की हे होतंच, फूलबागेतली समाधी जाता-येता दिसते, जूनमध्ये तिथे कार्यक्रम होतात, राणीबद्दल आपल्याला सगळं ठाऊकच असतं. पण तुझ्या निबंधाचा विषय राणी नाही. तुझा विषय गोडसे भटजी आहेत: ते काय बघतात, कुठे उभे राहून बघतात, कुणाला सांगतायत, आणि आपण त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा. कादंबरीवर लिहिताना लेखकाने हे का रचलं असं विचारता येतं. इथे माणूस म्हणतो की हे घडलं, मी होतो. त्यामुळे घडलं ते आणि त्याने सांगितलं ते, यांच्यामधली जागा हीच तुझी. सगळा निबंध त्या जागेत बसतो.

म्हणून पुन्हा लिहायला बसण्याआधी एक दिवस नुसता मजकुराच्या जन्माला दे. वरसईचा, म्हणजे पेणजवळचा, एक कर्जबाजारी भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर येतं म्हणून तो काकांबरोबर १८५७ मध्ये घरून निघतो. बंडात सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो, जीव वाचवून पुढे काशीपर्यंत जातो आणि गंगेची कावड घेऊन घरी येतो. हे सगळं तो लिहून काढतो १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. म्हणजे मध्ये पंचवीस वर्षं गेली. छापून आलं त्याहीनंतर, १९०७ मध्ये, भटजी गेल्यावर, वैद्यांच्या हातून संस्कारित होऊन. (हे वैद्य म्हणजे आपल्या ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश होते तेच.) मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती इतिहासकार दत्तो वामन पोतदारांनी काढली १९६६ मध्ये.

आता तुझ्या हातातली प्रत यातली कुठली? तू लिहिलं नाहीस. पहिलं काम तेच बघ, आणि निबंधात पहिल्याच उल्लेखाला आवृत्ती सांग. वैद्यांची असेल तर ‘गोडशांची भाषा किती रसाळ’ असं वाक्य लिहिण्याआधी थांब, कारण त्या रसात वैद्यांचा हात किती हे तुला ठरवता येणार नाही. जमलं तर दुसरी आवृत्ती मिळव. महाराज बाड्यावरच्या सेंट्रल लायब्ररीत विचार, नाहीतर आपल्या लष्कर भागातल्या एखाद्या जुन्या मराठी घरी कपाटात निघेल. दोन्ही मिळाल्या तर झाशीचा एकच प्रसंग दोन्हीतून समोरासमोर ठेवून वाच. फरक मिळाला तर निबंधाला आयता एक परिच्छेद मिळेल. नाही मिळाला तर सोड, त्याच्या मागे चार दिवस घालवू नकोस.

मग दुसरं वाचन. हे पेन्सिल घेऊन करायचं, आणि सगळं पुस्तक नाही, झाशीला पोचल्यापासून काल्पीपर्यंतचाच भाग. समासात तीन खुणा कर. डोळ्यांनी पाहिलं त्याला ‘पा’. कुणाकडून ऐकलं त्याला ‘ऐ’. आणि मागाहून, लिहिताना, मनात आलेलं वाटतं त्याला ‘मा’. पहिल्या दहा पानांत कंटाळा येईल, पण त्यानंतर गंमत सुरू होते, कारण तुला दिसायला लागेल की भटजींचा सूर खुणेबरोबर बदलतो. पाहिलेलं असतं तिथे वस्तू येतात: भांडी, धान्य, पाणी, कोण कुठे लपलं, काय खाल्लं. ऐकलेलं असतं तिथे मोठी माणसं, दरबार आणि संवाद येतात.

दोन नमुने देते. वाटेत महूच्या आसपास शिपायांकडून बंडाची कुणकुण लागते, आणि बंडाचं कारण म्हणून भटजी ८४ कलमांच्या एका यादीची हकिकत सांगतात, इंग्रज सरकार हिंदू-मुसलमानांचा धर्म बुडवायला ती लागू करणार होतं म्हणे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल, अशी यादी नव्हती, भटजी चुकले, पुढे चला. तू पुढे जाऊ नकोस. यादी खरी की खोटी हा तुझा प्रश्नच नाही. शिपायाने एका अनोळखी ब्राह्मणाला बंडाचं कारण म्हणून काय पटवून द्यावं, आणि त्या ब्राह्मणाने पंचवीस वर्षांनीही ते जसंच्या तसं का नोंदवावं, यातून १८५७ मधली धास्ती कळते. सरकारी कागदांत ती या रूपात सापडणार नाही. ‘ऐ’ खूण केलेला मजकूर म्हणजे टाकाऊ नव्हे. तो दुसऱ्या कशाचा तरी पुरावा असतो, एवढंच.

दुसरा नमुना झाशी पडल्यानंतरच्या लुटीचा. एप्रिल १८५८, इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज शहरात शिरली आहे, भटजी जीव मुठीत धरून लपलेत. आणि नंतर ते सांगतात काय, तर लूट कोणत्या क्रमाने झाली: आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडेलत्ते, धान्य. घाबरलेला माणूस इतकी यादी का करतो? कारण तो भिक्षुक आहे. घरात काय आहे हे बघणं, मोजणं, लक्षात ठेवणं हा त्याच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. इथवर आलीस की तुझ्या हाती काहीतरी लागलं.

त्याचा दावा कर. ‘माझा प्रवास हे १८५७ वरचे महत्त्वाचे पुस्तक आहे’ हा दावा नव्हे, कारण त्याला कुणीच नाही म्हणणार नाही. समोरच्याला भांडता आलं पाहिजे असं वाक्य हवं. उदाहरणार्थ: ‘गोडसे भटजी शेवटपर्यंत भिक्षुकाच्या नजरेनेच बघतात, त्यांच्या झाशीवर आपला विश्वास बसतो तो या मर्यादित नजरेमुळेच.’ यावर कुणी म्हणेल, छे, मर्यादित नजर म्हणजे अपुरी साक्ष. झालं, वाद सुरू झाला म्हणजे निबंध सुरू झाला. हेच वाक्य उचलू नकोस बरं का, सर ही चर्चा वाचत असतील तर पंचाईत. तुझ्या समासातल्या खुणांतून तुझं काढ. राणीच्या दिनक्रमाचं वर्णन घे, त्यात व्यायाम आणि घोडेस्वारी किती, पूजा आणि दानधर्म किती, हे नुसतं बघितलंस तरी एक वेगळा दावा निघेल.

दावा ठरला की त्याच्या विरुद्ध जाणारा प्रसंग शोध. हे बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच निबंध बुळबुळीत होतो. वर दिलेल्या दाव्याला आडवा येणारा प्रसंग तर प्रसिद्धच आहे, काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा. झाशीतून निसटलेली राणी पहाटे तहानलेली तिथे येते, भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, ती त्यांना ब्राह्मण म्हणून तसं करू देत नाही, स्वतः पाणी काढते, आणि मग आपण या भानगडीत का पडलो ते सांगते: आपल्याला पोटापुरतं असं कितीसं लागतं, धर्माच्या अभिमानापायी हे पत्करलं. आता विचार कर. दमलेली, पाठलाग चुकवत असलेली बाई एका भिक्षुकापुढे इतकं नेटकं बोलेल? बोललीही असेल. पण पंचवीस वर्षांनी ते शब्द जसेच्या तसे आठवतील? इथे ‘पा’ आणि ‘मा’ एकमेकांत मिसळलेत. या प्रसंगावरचा परिच्छेद साधारण कसा चालावा ते लिहून दाखवते, भाषा निबंधाची:

‘विहिरीच्या प्रसंगात दोन थर आहेत. पाणी कोणी काढायचे याबद्दलचा छोटा संकोच हा पाहणाऱ्याचा आहे. त्यात ब्राह्मण, विधवा राणी आणि तहान यांचा एका क्षणी जमलेला पेच आहे आणि तो रचून सांगण्याचे काही कारण दिसत नाही. त्यानंतरचे राणीचे बोलणे मात्र एखाद्या निवेदनासारखे बांधीव आहे. लेखकाने ते ऐकले नसेल असे म्हणता येत नाही, पण त्याला आलेला घाट पंचवीस वर्षांच्या आठवणीचा आहे. भिक्षुकाची नजर इथे राणीला दैवत करते. तरीही पाण्याचा तपशील ती सोडत नाही, आणि वाचक भाषणापेक्षा त्या तपशिलाच्या आधारावर प्रसंग स्वीकारतो.’

बघ, गोष्ट सांगितली गेली, पण गोष्टीसाठी म्हणून एकही वाक्य आलं नाही. आणि दावा थोडा वाकला: नजर भिक्षुकाचीच, पण कधीतरी तिला भक्ताची झापड येते. आता मागे जाऊन दाव्याच्या वाक्यात तेवढी दुरुस्ती कर. दावा आधी एकदा लिहिला म्हणून त्यालाच चिकटून बसू नकोस.

ग्वाल्हेरच्या लढाईचं प्रकरण मध्यभागी घ्यायचा मोह तुला होणारच, आपल्या गावचं म्हणून. पण ती लढाई भटजींनी पाहिलेली नाही, ते तोवर वेगळ्या वाटेला लागलेले, तिथलं सगळं कानावर आलेलं. राणी १७ जूनला पडली की १८ ला, यावर इतिहासकार भांडतात, त्यांना भांडू दे. तुला घ्यायचंच असेल तर एवढ्यासाठी घे की ऐकीव प्रसंग सांगताना भटजींचा तपशील कसा विरळ होतो, झाशीशेजारी ठेवला की फरक उठून दिसतो. अर्ध्या परिच्छेदाच्या वर नको.

मांडणी प्रवासाच्या क्रमाने करू नकोस. वरसई, महू, झाशी, काल्पी, काशी अशी गाडी लावलीस की सारांश आपोआप परत येतो, कितीही सावध राहिलीस तरी. दाव्याला सर्वांत बळ देणारा प्रसंग आधी (लूट), मग त्याला आडवा जाणारा (विहीर), मग अफवांची ८४ कलमं, आणि शेवटाकडे पुस्तकाचा आकार: दक्षिणेसाठी निघालेला माणूस लुटला जाऊन परततो, पण गंगेची कावड आणतो, म्हणजे त्याच्या लेखी ही तीर्थयात्राच आहे, बंड वाटेत आडवं आलं. हा मुद्दा मोठा आहे, त्याला जागा ठेव. कच्चा आराखडा कागदाच्या एकाच बाजूला बसला पाहिजे, प्रत्येक परिच्छेदाला एक ओळ, आणि त्या ओळीत क्रियापद भटजींचं हवं: ‘भटजी मोजतात’, ‘भटजी ऐकीव मजकूर बेधडक सांगतात’. ‘राणी लढते’ अशी ओळ आली की समजायचं घसरलो.

बाकीचं किरकोळ. अवतरणं छोटी, ओळ-दीड ओळीची, पृष्ठांकासह, आणि प्रत्येक अवतरणानंतर तुझं किमान एक वाक्य. जुनं शुद्धलेखन जसं छापलंय तसंच उतरव, सुधारू नकोस. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिही, सात-आठ ओळी पुरे, त्यात लेखक कोण, कधी लिहिलं, कुठली आवृत्ती आणि दावा. ‘प्रस्तुत ग्रंथ मराठी वाङ्मयात मानदंड ठरला आहे’ छापाची वाक्यं गाईडमधून येतात आणि सरांना गाईड पाठ असतं.

दहा दिवसांतले चार वाचनाला आणि खुणांना दे, एक आराखड्याला, तीन लिहायला. एक दिवस वही बंद ठेव. शेवटच्या दिवशी मोठ्याने वाचून काढ, जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोड. आणि आधीच्या चार पानांपैकी झाशीच्या ग्रंथालयाच्या नाशावरचा तुझा परिच्छेद फेकू नकोस. पोथ्या गेल्याचं भटजींना सोनं गेल्यापेक्षा जास्त लागतं, असं तू तिथे ओझरतं लिहिलंयस. ते लुटीच्या परिच्छेदानंतर लगेच घे, कारण नुसतं मोजणारा भिक्षुक तिथे एकदम शास्त्र जाणणारा माणूस म्हणून बोलायला लागतो.

पाचव्या दिवसापर्यंत दाव्याचं वाक्य आणि आराखडा इथे टाक, वाचून सांगते. पूर्ण मसुदा मात्र मला पाठवू नकोस, तो आधी सरांना दाखव.