बॅग कोण उचलणार?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आठ दिवसांच्या सहलीला निघालोय. जुन्या इमारती, दोन संग्रहालयं, बाजार आणि एक दिवस बोटीतून फेरी, असा बेत आहे. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान. त्याच्यासोबत आलेली १८-५५, नंतर घेतलेली ७०-३०० आणि ३५ मिमीची एफ/१.८ प्राइम (झूम न होणारी) अशा तीन लेन्स माझ्याकडे आहेत. मैत्रीण तिची १०-२० वाइडही द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो, सगळं घेतलंस तर बॅग तूच उचल. काय नेऊ आणि काय ठेवू?
– एक वाचक

उत्तर : बॅग कोण उचलणार हे ठरलंय, म्हणजे अर्धा प्रश्न सुटलाच.

उरलेल्या अर्ध्यासाठी आज रात्री एक काम करा. मागच्या एक-दोन सहलींचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिमीला काढला, हे कॅमेऱ्यानं नोंदवलेलं असतं (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ). सगळे बघत बसू नका. घरच्यांना कौतुकानं दाखवलेले चाळीस-पन्नास पुरे. त्यांचे आकडे कागदावर उतरवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चांगलीच खजील झाले. स्वतःला मी लांबच्या लेन्सवाली समजत होते आणि आवडते फोटो मात्र बहुतेक २० ते ४० च्या मधले निघाले. ती जड लेन्स मी नुसती मिरवायला नेत होते म्हणायचं.

तुमचा बेत बघता १८-५५ न्या, तीही कॅमेऱ्याला लावूनच. कॅमेऱ्याबरोबर आली म्हणून लोक तिला नाकं मुरडतात. पण क्रॉप सेन्सरवर ती फुल फ्रेमच्या साधारण २७ ते ८२ मिमीइतकं दाखवते. चौक, कमान, दुकानात बसलेला माणूस, सगळं त्यात येतं. भर उन्हात एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकी लेन्स कमी उघडी) काढलेला फोटो कुठल्या लेन्सचा, हे मलाही ओळखता येत नाही.

तिची दमछाक होते ती संग्रहालयात. ३५ मिमीला ती एफ/४.५ च्या आसपासच उघडते. तुमची प्राइम एफ/१.८ ला तिच्या सहापट प्रकाश आत घेते. म्हणजे १८-५५ ला शटर १/१५ सेकंद उघडं ठेवावं लागत असेल, तिथं तुम्हाला १/९० पुरतो आणि फोटो कमी हलतो. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे की, असं म्हणाल. ते तुमचा हात सावरतं, समोरून चालत जाणाऱ्याला थांबवत नाही. ट्रायपॉड आणि फ्लॅश बऱ्याच संग्रहालयांत चालत नाहीत, तेव्हा प्राइम हवीच. फक्त मूर्तीच्या जवळ गेलात तर एफ/१.८ च्या मोहात पडू नका. नाक स्पष्ट येतं आणि कान विरघळतात. एफ/२.८ किंवा एफ/४ करा.

मैत्रिणीची वाइड नको. अरुंद खोलीत ती जे करते ते दुसरी कुठलीच लेन्स करत नाही, हे कबूल. पण उंच इमारतीसमोर ती जरा वर वळवली की इमारत मागे कलंडायला लागते. हात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ सहलीत नसतो. शिवाय उसनी वस्तू. लक्ष फोटोपेक्षा तिच्यावरच राहणार. इमारत मावत नसेल तर कॅमेरा उभा धरा, एकेक तृतीयांश भाग पुन्हा येईल असे चार-पाच फोटो काढा आणि घरी जोडा.

राहिली ७०-३००. पक्षी बघायलाच बोटीत बसणार असाल तर न्या. मग शटर १/१००० च्या खाली आणू नका, कारण तुमच्या हाताबरोबर खालची बोटही हलत असते. पक्षी नसतील तर ती घरी ठेवा; दूरचा किनारा ३०० ला ओढून घेतला तरी मधल्या हवेच्या धुरकटपणानं फिकाच येतो. मी एकदा डुलत्या बोटीत लेन्स बदलायला गेले. थवा उडून गेला तो गेलाच, वर सेन्सरवर कचरा बसला. पुढच्या तीन दिवसांच्या प्रत्येक आकाशात एकाच जागी तोच काळा ठिपका! लेन्स बदलायचीच तर कॅमेरा बंद करून, वाऱ्याकडे पाठ करून, त्याचं तोंड खाली धरून बदला. बोटीत नकोच.

विमानानं जात असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा.

आणि हो, ३५ ची प्राइम मुठीएवढी असते. नवऱ्याच्या जॅकेटच्या खिशात सहज मावेल. आधी सांगायलाच हवं असं नाही.