रत्नागिरीच्या घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे. तिचे फोटो नीट येत नाहीत, काय करू?

दुपारी काढत असाल तर तिथेच गणित चुकतंय. भर उन्हात क्रोम पांढरं फटक उमटतं आणि टपावर झावळ्यांच्या सावल्यांची जाळी पडते. सूर्य वर यायच्या आधी गाडी जांभ्याच्या गडग्यापाशी लावा. त्या तांबूस दगडापुढे फिकट रंगाची पद्मिनी फार देखणी दिसते. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर हवा, म्हणजे गुडघे टेकायचेच. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावून हळूहळू फिरवा, काचेवरचं आभाळ विरतं आणि आतली सीट दिसू लागते.

आतलं तर मुळीच सोडू नका! स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि वर्षानुवर्षं हात फिरून गुळगुळीत झालेली त्याची मूठ, माझ्या मते खरा फोटो तोच. मूळची इटलीची फियाट ११००, आपल्या कुर्ल्यात घडलेली. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले.

चाकावरच्या कमानीला गंज असेल तर तोही टिपा, खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलीय ती. फक्त फोटोसाठी पुळणीवर नेऊ नका. नेलीच, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.