सख्खी बहीण भारतीय, मग मी का नाही?

प्रश्न : माझा जन्म 1991 चा, लंडनमधला. वडील ब्रिटिश, आई भारतीय आणि आजही भारतीयच. 1994 साली तिथेच जन्मलेल्या बहिणीला भारतीय पासपोर्ट मिळाला, मला मात्र ‘तुम्ही नागरिक नाही’ म्हणतात. दहा वर्षांपासून ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे, दोन वर्षांपासून पुण्यातच राहतो. हा भेदभाव नाही का?

उत्तर : भेदभावच आहे, पण खुद्द कायद्याने केलेला. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 4 नुसार परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळायचं ते फक्त वडिलांकडून. आई भारतीय असली तरी कायद्याच्या लेखी ती जमेतच नव्हती. 10 डिसेंबर 1992 पासून आईवडिलांपैकी कुणीही एक भारतीय असलं तरी चालू लागलं, पण त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांनाच. तुमची तारीख आधी पडली. याविरुद्ध हायकोर्टात जाता येईल, पण त्यात वर्षं घालवा असं मी म्हणणार नाही.

तुम्हाला नोंदणीने नागरिकत्व मिळवण्याचा मार्ग खुला आहे. कलम 5(1)(जी) : ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली आणि अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने भारतात वास्तव्य. दोन्ही अटी तुम्ही पूर्ण करता. त्या बारा महिन्यांत परदेशवारी मात्र टाळा. देशीयकरणाच्या, एरवी बारा वर्षं वास्तव्य मागणाऱ्या वाटेला जायचं कारणच नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, त्यामुळे ब्रिटिश नागरिकत्व सोडावं लागेल. पण मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत ते सोडू नका, नाहीतर त्रिशंकू व्हाल.

आता न विचारलेलं सांगतो, कारण मला तुमच्यापेक्षा बहिणीची काळजी वाटते. वडील ब्रिटिश आणि जन्म लंडनचा, म्हणजे ती जन्मतःच ब्रिटिशही असणार. ब्रिटिश पासपोर्ट कधी काढला नाही म्हणून ते नागरिकत्व नाहीसं होत नाही. 3 डिसेंबर 2004 पासून लागू असलेलं कलम 4(1ए) सांगतं की वंशाने भारतीय असलेल्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाकडे दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते सोडायचं. नाहीतर भारतीय नागरिकत्व संपतं. बहीण 2012 मध्ये अठरा वर्षांची झाली. तेव्हा असं काही केलं होतं का, ते तिला विचारा. केलं नसेल तर पासपोर्टचं नूतनीकरण किंवा दुसरा कुठलाही सरकारी अर्ज भरण्याआधी तिने जन्मदाखला आणि जुने पासपोर्ट घेऊन वकिलाला भेटावं.