जंगलाने वेढलेलं ख्मेर मंदिर पाहायचं तर ता प्रोम की बेंग मेलिया?

कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये, म्हणजे अंगकोरच्या मंदिरांजवळच्या शहरात, एकच सकाळ मोकळी आहे आणि झाडांनी वेढलेलं मंदिर बघायचंय, जवळचं ता प्रोम की लांबचं बेंग मेलिया, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही पाहिली आहेत. माझं मत बेंग मेलियाला.

ता प्रोमचं मोल मोठं आहे. कंबोडियाच्या ख्मेर राजाने, सातव्या जयवर्मनने, 1186 मध्ये आईला अर्पण केलेला हा बौद्ध विहार. तिथल्या संस्कृत शिलालेखात त्याच्या सेवेला 3,140 गावं जोडल्याची नोंद आहे. फ्रेंच अभ्यासकांनी तो मुद्दाम झाडांसकट राखला, आणि आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिथे बरीच वर्षं काम करतंय. त्यांनी सावरलेलं नर्तकींचं दालन 2022 मध्ये खुलं झालं, ते पाहून खरंच अभिमान वाटतो. पण प्रसिद्ध मुळांपाशी फोटोसाठी रांग असते. मागचे लोक खोळंबलेले असताना निवांत काही बघून होत नाही.

बेंग मेलियाला गाडीने साधारण दीड तास लागतो. बाराव्या शतकातलं हे मंदिर, आराखडा अंगकोर वाटच्या वळणाचा, पण सगळं एकाच पातळीवर. मधलं शिखर केव्हाच ढासळलंय. दगडांच्या राशींवरून लाकडी पायवाट नेली आहे, तिच्यावरून चालताना तुम्ही एकदम छताच्या उंचीवर येता. खाली पाहिलं की ओवऱ्यांची छतं कशी रचली होती ते उघडं दिसतं: दोन्ही बाजूंनी एकेक दगड थोडा थोडा पुढे काढत वर मिळवलेले, मधे चुना नाही. सगळी भिस्त वजनावर. अशा फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून वडा-उंबराच्या जातीचं बी पडतं, मुळं जमिनीच्या शोधात भिंतीवरून उतरतात आणि जाड होत दगड सरकवतात. आपल्या गडांच्या तटात पिंपळ हेच करतो. मात्र एकदा विळखा बसला की तीच मुळं भिंत धरूनही ठेवतात. झाड वठलं किंवा वादळात उन्मळलं की भिंतही जाते. त्यामुळे 'झाडं तोडून का टाकत नाहीत' याला सोपं उत्तर नाही.

कोरीवकाम घाईत बघू नका. गरुडारूढ विष्णू आहे, समुद्रमंथन आहे, आणि सीतेची अग्निपरीक्षासुद्धा. काही कोरीव शिळा खाली पडल्यामुळे अगदी डोळ्यांसमोर येतात. अनेक फण्यांचा नाग पाहाल तेव्हा फण्यांमागच्या प्रभावळीची नक्षी जवळून निरखा. शेकडो वर्षांच्या पावसानंतरही रेषा धारदार आहे. जवळच्याच कुलेन डोंगराच्या पायथ्याचा हा वालुकाश्म. अंगकोरच्या मंदिरांचा दगडही तिथल्याच खाणींतून गेला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. पावसाळ्यात शेवाळ गर्द हिरवं होतं, पण दगड भयंकर निसरडे. सकाळी लवकर निघा, खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. पायवाट सोडून राशींवर चढू नका, दगड सुटे आहेत. यादवीच्या काळात या भागात भूसुरुंग पेरले होते. मंदिराचा परिसर साफ केलाय, तरी आजूबाजूच्या रानात मळलेली वाट सोडून आत शिरू नका.

संध्याकाळी वेळ उरलाच तर ता प्रोम बंद होण्याआधी तासभर तिथेही जाऊन या. तेव्हा गर्दी थोडी ओसरलेली असते.