सांगलीत परदेशी पिझ्झा-बर्गरवाले येताहेत. आमच्या भेळ-वड्याच्या हॉटेलाचं काय होईल?

तुमचा प्रश्न वाचला. विश्रामबागेत वडिलांचं तीस वर्षांचं हॉटेल, गाळा भाड्याचा, शेजारी काचेची नवी इमारत उभी राहतेय आणि तिच्यात ‘बाहेरचे’ येणार अशी बोलवा आहे. आपलं गिऱ्हाईक जाईल का, हा तुमचा प्रश्न. आणि भाऊ म्हणतो तसं आपणच एखादी फ्रँचायझी, म्हणजे त्यांच्या नावाने चालवायचं दुकान, घ्यावी का, हा दुसरा. त्याने इंटरनेटवर फॉर्मही भरलाय. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, पण तोवर भावाला कुठेही पैसे भरू देऊ नका.

मी नऊ वर्षं अशाच एका परदेशी ब्रँडच्या इथल्या कंपनीत होतो. आमच्या खात्याला ‘बीडी’, म्हणजे बिझनेस डेव्हलपमेंट, म्हणायचे. काम एकच, नव्या शहरात जाऊन जागा हुडकायची. कंपनीचं नाव घेत नाही. त्या नऊ वर्षांत मला कळलं ते आधीच सांगून टाकतो: तुमचं गिऱ्हाईक ते फारसं नेत नाहीत. नेतात तुमच्याकडची कामाची पोरं, आणि बिघडवतात तुमचा गाळामालक.

‘तिथल्या लोकांना बर्गर आवडेल का’ हा प्रश्न मी एकाही मीटिंगमध्ये ऐकला नाही. पहिला प्रश्न असायचा, गाडी कुठून येणार? फ्राइज, पॅटी, चिकन हे सगळं उणे १८ अंशांवर येतं. चीज आणि भाजी थंड पण न गोठलेली लागते, आणि ग्लास-बॉक्स सुके. एकाच गाडीत तीन कप्पे असतात. ती पहाटे दुकानामागे लागते, मॅनेजर खोक्यांमध्ये थर्मामीटर घालून आकडा वहीत लिहितो आणि मग माल उतरतो. एका दुकानासाठी ही गाडी मुंबईहून पाठवणं परवडत नाही. कोल्हापूरला दोन-तीन दुकानं चालू असली की तीच गाडी पेठ नाक्यावरून आत वळवता येते, आणि मग सांगलीचा विचार सुरू होतो. थोडक्यात, सांगलीत दुकान यायचं की नाही हे कोल्हापूरच्या गल्ल्यावर ठरतं. सांगलीकरांना हे आवडणार नाही, पण आहे ते असं आहे.

हा प्रकार आजचा नाही. मॅकडोनाल्ड्सचं भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत वसंत विहारला उघडलं आणि लगोलग मुंबईत वांद्र्याला. पण खरं काम त्याआधी काही वर्षं चालू होतं. बर्गरमध्ये घालायचा आइसबर्ग लेट्यूस तेव्हा आपल्याकडे कोण पिकवत होतं? तो तळेगावजवळ पिकवून घेतला. चीजचे काप बारामतीच्या डेअरीतून, पॅटी तळोज्याच्या कारखान्यातून. फ्राइजसाठी लांबट, कमी पाण्याचा बटाटा लागतो, तो पुढे गुजरातेत शेतकऱ्यांशी करार करून लावला गेला आणि मेहसाण्याजवळ कारखाना झाला. गोमांस नाही, डुकराचं नाही, मेयोनीजमध्ये अंडं नाही, शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची भांडी आणि माणसंसुद्धा वेगळी. २००४ च्या सुमारास आलू टिक्कीचा बर्गर २० रुपयांना लावला, तेव्हा कुठे कॉलेजातली पोरं आत शिरली. बटाट्याचं सारण पावात घालून विकणं, एवढं शिकायला अमेरिकेला आठ वर्षं लागली असं आमचे एक साहेब म्हणायचे. ते दादरचे होते.

उलटही झालंय. केएफसी १९९५ मध्ये बंगळुरात ब्रिगेड रोडवर आली आणि १९९६ च्या जानेवारीत कर्नाटकातले शेतकरी नेते नंजुंडस्वामी यांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते दुकान फोडलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांचा पसारा वाढलाच नाही. पिझ्झा हटला अहमदाबादेत संपूर्ण शाकाहारी दुकान काढावं लागलं. शहर त्यांना वाकवतं, ते वाकतात. चवीच्या बाबतीत त्यांना काही हट्ट नसतो.

हट्ट असतो तो कोपऱ्याचा. इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी तीन दिवस एका चौकात उभा होतो. हातात क्लिकर, म्हणजे बस कंडक्टरच्या पंचसारखं दिसणारं मोजणीयंत्र. गुरुवार, शनिवार, रविवार, संध्याकाळी पाच ते दहा. डाव्या हातात दुचाकी, उजव्या हातात चारचाकी, आणि दर अर्ध्या तासाला पायी चालणाऱ्यांची वेगळी मोजणी. कुटुंब असेल तर वहीत टिंब. कोपऱ्यावर एक वडेवाले होते, साठीच्या आसपासचे, पत्नी गल्ल्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चहा पाठवला. ‘साहेब, काय मोजताय?’ मी म्हटलं, ट्रॅफिकचा सर्व्हे आहे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांनी मग आपणहून सांगितलं की मंगळवारी बाजार असतो, त्या दिवशी मोजा, खरी गर्दी कळेल. त्यांच्या सांगण्यावरून मी मंगळवारपर्यंत थांबलो.

मग बाकीची तपासणी झाली. विजेचा मंजूर भार किती, मागून गाडी लागते का, धुराचं नळकांडं गच्चीपर्यंत नेता येतं का, साधं सांडपाणी आणि तेलकट पाणी वेगळं काढता येतं का. जागा पसंत पडली. वडेवाल्यांचा गाळा आम्हाला नको होता, आम्हाला त्यांच्या शेजारची शोरूमची जागा हवी होती. तिथल्या मालकाशी करार झाला: ठरलेलं किमान भाडं, किंवा विक्रीवर टक्के, यांतलं जे जास्त होईल ते. सुरुवातीचे काही महिने बिनभाड्याचे. मालक खूश. आणि ही खुशी त्याने चौकातल्या सगळ्या मालकांना सांगितली.

दहा महिन्यांनी उद्घाटनाला गेलो तेव्हा कोपऱ्यावर मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान होतं. वडेवाल्यांचा करार संपत आला होता आणि मालकाने भाडं तिप्पट सांगितलं होतं. त्यांचं गिऱ्हाईक एकही कमी झालं नव्हतं. आमचं दुकान तर अजून उघडायचं होतं!

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न विचारतो: तुमच्या गाळ्याचा करार कधी संपतोय? नोंदवलेला आहे का? की ‘मालक घरचेच आहेत’ म्हणून अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर चाललंय? शेजारच्या इमारतीत बोर्ड लागायच्या आत मालकाकडे जा आणि पाच वर्षांचा, दरवर्षीची वाढ आकड्यात लिहिलेला, नोंदणीकृत करार करून घ्या. थोडं जास्त भाडं द्यावं लागलं तरी द्या. बोर्ड लागल्यावर तोच माणूस तुमच्याशी दुसऱ्या आवाजात बोलेल. आणि मालकाला कोणी सांगितलं की मोठी कंपनी कितीही भाडं देते, तर त्याला हेही सांगा की २०१७ च्या नोव्हेंबरपासून हॉटेलांना ५ टक्के जीएसटी आहे पण इनपुट क्रेडिट नाही. भाड्यावर भरलेला १८ टक्के कर त्यांना परत मिळत नाही, त्यामुळे ते भाड्याच्या प्रत्येक रुपयावर घासाघीस करतात. आणि दोन-तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत, संपल्यावर धंदा नसेल तर नोटीस देऊन निघूनही जातात.

निघून जातात हे खरंच. डॉमिनोज २०१५ मध्ये इटलीत, मिलानला गेली. ८८० दुकानांची भाषा होती, झाली जेमतेम तीसेक, आणि २०२२ मध्ये सगळी बंद. पिझ्झाच्या देशात पिझ्झा विकायला गेले म्हणून लोक हसतात, पण त्यांचा भरवसा चवीवर नव्हताच, घरपोच देण्यावर होता. मग कोविडच्या काळात गल्लीतल्या पिझ्झावाल्यांनीच डिलिव्हरीच्या ॲपवर नाव टाकलं आणि यांच्याकडे वेगळं काही उरलं नाही. स्टारबक्सने ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये ८४ पैकी ६१ दुकानं एका फटक्यात बंद केली. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफी करणारा आधीच होता आणि तो गिऱ्हाइकाला नावाने ओळखत होता. तुमचे वडील लोकांना नावाने ओळखत असणार, तीस वर्षांत.

आता पोरं. हा भाग कोणी लिहीत नाही. दुकान उघडण्याच्या दीड-दोन महिने आधी आमची एचआरची माणसं गावात यायची आणि तीस-चाळीस पोरापोरींची भरती करायची. त्यांना लागतात वीस वर्षांची, हिशेब येणारी, लवकर हात चालणारी पोरं. ती कुठे असतात? तुमच्याकडे. पगार तुमच्यापेक्षा फार जास्त असतो असं नाही. पण पीएफ असतो, ईएसआय असतो, आठ-नऊ तासांची शिफ्ट असते, आठवड्याची सुट्टी ठरलेली असते आणि गणवेश असतो. ‘अमुक ठिकाणी कामाला आहे’ म्हटलं की लग्नाच्या बाजारातही बरं दिसतं. मी अशा मुलाखतींना बसलोय. एका पोराने सांगितलं होतं, ‘सर, तिकडे सुट्टी मागायला शेठच्या घरी जावं लागतं.’ बस, एवढंच कारण.

म्हणून तुमच्या भट्टीवरच्या आणि गल्ल्यावरच्या दोन-तीन महत्त्वाच्या माणसांची सुट्टी आणि पगाराची तारीख आत्ताच ठरवून टाका. भेळ कोणीही कालवेल असं वडिलांना वाटत असेल, पण चिंचेचं पाणी कधी वाढवायचं आणि भडंग किती कुरकुरीत हवं हे ज्याच्या हाताला कळतं, तो गेला की गिऱ्हाईक पंधरा दिवसांत बोलायला लागतं.

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर पहिले दोन महिने रांग लागेल आणि तुमच्या संध्याकाळच्या गल्ल्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, खड्डा पडेल. घाबरून तेव्हा पिझ्झा सुरू करू नका. माझ्या पाहण्यात ज्यांनी ओव्हन आणून ‘चीज बर्स्ट भेळ’ वगैरे केलं त्यांचं ना हे राहिलं ना ते. नंतर गिऱ्हाईक परत येतं, कारण तिथे चौघांचं बिल हजाराच्या घरात जातं आणि रोज तेवढं कोणी खात नाही. परत न येणारे दोनच वर्ग मी पाहिले: लहान मुलं असलेली कुटुंबं आणि कॉलेजच्या मुली. ही मंडळी बर्गरसाठी जात नाहीत. ती जातात कारण तिथे स्वच्छ संडास असतो, दाराला कडी असते, दोन तास बसलं तरी कोणी ‘झालं का’ म्हणून फडका मारत नाही. मी हे लिहितोय आणि मला खात्री आहे की वडील म्हणतील, ‘हॉटेलात संडास कशाला लागतो?’ त्यांना घरातल्या बायकांना विचारू द्या.

दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क घेतलाय का, तेही बघा. पुण्यात कॅम्पात १९९२ च्या सुमारापासून ‘बर्गर किंग’ नावाचं एका इराणी कुटुंबाचं दुकान आहे. अमेरिकेच्या त्याच नावाच्या कंपनीने २०११ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. भारतातलं स्वतःचं पहिलं दुकान तिने २०१४ मध्ये उघडलं. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो दावा फेटाळला, पण कंपनी अपिलात गेली. म्हणजे बारा-तेरा वर्षं कोर्टात. तुमचं नाव कोणी अमेरिकन पळवणार नाही, पण दोन गल्ल्या सोडून कोणी ‘न्यू’ जोडून तेच नाव लावलं तर काय करणार? फी काही हजारांत असते.

आता भावाचा विषय. मॅकडोनाल्ड्स आपल्या भागात वेस्टलाइफ ही कंपनी चालवते, डॉमिनोज जुबिलंट फूडवर्क्स चालवते. दुकानं त्यांची ते स्वतःच काढतात. सांगलीतल्या एखाद्याला एक दुकान देऊन टाकलं, असं तिथे होत नाही. काही ब्रँड सुट्या फ्रँचायझी देतात, पण तिथे आधी माणूस येऊन जागा बघतो, तुमचे ताळेबंद मागतो, महिनोन्‌महिने जातात. भावाने इंटरनेटवर जो फॉर्म भरला, ज्यावर दुसऱ्याच दिवशी ‘अभिनंदन, आपली निवड झाली’ असा मेल आला आणि नोंदणी फी म्हणून खातं क्रमांक दिला, ती टोळी आहे. हुबेहूब वेबसाइट, हुबेहूब लोगो, इंग्रजी बोलणारी बाई. आमच्या ऑफिसातच दर आठवड्याला असे दोन-तीन फसलेले लोक पावती घेऊन यायचे. एकाने शेत गहाण टाकून पैसे भरले होते आणि तो दारातल्या सिक्युरिटीवाल्याला लेटर दाखवून ‘माझं दुकान कधी चालू होणार’ विचारत होता.

भावाने आधीच काही भरलं असेल तर हे उत्तर वाचत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा, आजच. पहिल्या काही तासांत कळवलं तर समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येतात.