बडोद्यात कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या बायकांना मदत करायची आहे, वकिलीची पदवी नाही. काय शिकावं?

पदवी लागत नाही. युक्तिवाद वकील करील. आधी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा वाचा, विशेषतः कलम १२ (न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज) आणि १८ ते २३ (संरक्षण, निवास, पैसे वगैरेंचे आदेश). मग कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे नमुना १, भरायचा भरपूर सराव करा. खरी चूक इथेच होते: ‘नेहमी मारतो’ एवढंच लिहिलं जातं, तारीख, जागा, जखम, साक्षीदार राहून जातात आणि केस कच्ची पडते. बडोद्याच्या दांडियाबाजारातली मराठी ताई मराठीत सांगेल, कागद गुजरातीत होईल. सहीआधी तिला मराठीत समजावून सांगाच. ‘घर सोड’ असं परस्पर सुचवू नका. निघताना धोका वाढतो, निर्णय तिचाच. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये (पीडित बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र) किंवा १८१ अभयम या गुजरातच्या महिला हेल्पलाइनच्या समुपदेशकांबरोबर काम पाहता येईल का, विचारा.